किरकिऱ्या बाळाला हवाईची मुळी द्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि चौदा महिन्यांची नात दहा दिवसांपूर्वी होनोलुलूहून दादरला आमच्याकडे राहायला आले आहेत. नात दिवसा पेंगते आणि रात्री दोन-तीन वाजता टक्क जागी होऊन रडते. सुनेच्या शेजारी राहणाऱ्या मूळच्या हवाईयन बाईंनी निघताना 'अवा' नावाच्या मुळीच्या पुडीचे पाकीट दिले आणि सांगितले, की त्यांच्या आजीच्या काळी किरकिऱ्या मुलांना हीच मुळी थोडीशी देत असत. पाकिटावर मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तींना देऊ नये असे छापले आहे. माझ्या सासूबाईंची सहाण अजून घरात आहे आणि मी माझ्या दोन्ही मुलांना बाळगुटी उगाळून दिलेली आहे. ही पूड गुटीत चिमूटभर मिसळली तर काय बिघडेल? सून घाबरते आणि मुलगा नुसता हसतो.
— एक आजी, दादर

उत्तर : आधी थेट उत्तर देते, म्हणजे पुढचे आपल्याला निवांत वाचता येईल. ही पूड नातीला देऊ नका. गुटीत नको, दुधात नको आणि चिमूटभरही नको. पाकिटावरची सूचना योग्य आहे आणि सूनबाईंची भीतीही योग्य आहे. तरीही शेजारीणबाईंनी काहीतरी ऐकीव सांगितले असे मात्र समजू नका. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीला हवाईच्या जुन्या वैद्यकात खरोखरच आधार आहे, आणि तो आधार नेमका कसा होता हे पाहिले, की आपल्या हातातले पाकीट आणि त्यांच्या आजीचे औषध यांत किती अंतर आहे तेही दिसते.

अवा म्हणजे जगभर 'कावा' या नावाने ओळखली जाणारी वनस्पती. ती मूळची वानुआतू बेटांकडची. तिला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तिचा सगळा प्रवास माणसाच्या हातून झाला. पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांमधून टारो (म्हणजे अळूचा कंद), केळी आणि ऊस यांच्याबरोबर तिच्या खोडाच्या कांड्या नेत राहिले आणि कॅप्टन कुक १७७८ मध्ये हवाईला पोचला त्याच्या कित्येक शतके आधी ती तिथे रुजली होती. हवाईयन भाषेत 'अवाअवा' म्हणजे कडू, आणि चवीचा विचार केला तर हे नाव सार्थ आहे. काने आणि कानालोआ या देवांना ती वाहिली जाई, सरदार मंडळी ती मानाने पीत, आणि दिवसभर टारोच्या शेतात किंवा समुद्रावर राबलेला सामान्य माणूस अंग मोकळे होऊन झोप लागावी म्हणून संध्याकाळी तिचा पेला घेई.

तिथे 'अवा' म्हटल्याने काम भागत नसे. आपल्याकडे आंबा म्हटल्यावर हापूस, पायरी की रायवळ असा प्रश्न येतो, तसे तिथे 'कुठली अवा?' असे विचारले जाई. काळपट खोडाची 'हिवा' देवकार्यासाठी राखलेली, 'माकेआ' आणि 'मोई' अशा आणखी जाती, आणि त्यांतच 'नेने' नावाची एक जात. हवाईच्या राज्यपक्ष्याचे, म्हणजे तिथल्या रानहंसाचे नावही नेनेच आहे. ही नेने अवा किरकिऱ्या, अस्वस्थ मुलांसाठी वापरत अशी परंपरा सांगितली जाते, आणि शेजारीणबाईंच्या आजीच्या आठवणीत बहुधा हीच असावी.

मात्र ती द्यायची कोणी, हा प्रश्न पुढे उरतोच. हवाईत वनौषधींचे उपचार करणाऱ्याला 'कहुना लापाआउ' म्हणत. मुलांच्या दुखण्यांची नावेसुद्धा स्वतंत्र होती. जिभेवर पांढरा थर येऊन मूल मलूल होते त्याला 'एआ', आणि आतल्या आत मूल खंगत जाते त्याला 'पाआओआओ'. या दुसऱ्या दुखण्याचे खास जाणकार वेगळे असत. वनस्पती तोडण्यापूर्वी प्रार्थना होई, औषधाच्या मात्रा पुष्कळदा पाचाच्या हिशेबाने चालत, आणि उपचार संपला की 'पानी' नावाचा ठरावीक पदार्थ, बहुधा समुद्रातला, खायला देऊन औषध बंद करत. (आपल्या कानांना 'पानी' म्हटले की वेगळेच ऐकू येते, पण तो निव्वळ योगायोग.) थोडक्यात, मूल आधी तपासले जाई, मग जात ठरे, मग ताजी मुळी खणली जाई, आणि ती केव्हा थांबवायची हेही आधीच ठरलेले असे. शिवाय अगदी तान्ह्यांसाठी हात आधी अवाकडे जात नसे. पोट साफ होण्यासाठी इलिमाच्या पिवळ्या फुलांचा सौम्य उपाय करत. इलिमा ही आपल्या चिकण्याच्या, म्हणजे बलेच्या कुळातली. आपल्या बायका बाळंतिणीच्या आणि बाळाच्या तेलासाठी बला शोधतात, त्याच कुळातल्या फुलांकडे समुद्रापलीकडची आई बाळासाठी वळत होती, हे मला नेहमीच मोठे गमतीचे वाटत आले आहे.

आता आपले पाकीट पाहू. त्यात कुठली जात आहे, मुळीचे वय काय, ती सोलून वाळवली की खोडासकट दळली, यातले काहीच पुडीकडे पाहून कळत नाही. अवाचा परिणाम ज्यांच्यामुळे होतो त्या कावालॅक्टोन द्रव्यांचे प्रमाण सुक्या मुळीत वजनाच्या शेकडा तीनपासून वीसपर्यंत काहीही असू शकते. म्हणजे एका पाकिटातली चिमूट दुसऱ्या पाकिटातल्या सहा चिमटींएवढी असू शकते. सहाणेवर तरी वेढे मोजता येतात. जायफळाचा एक, हिरड्याचे दोन, हा हिशेब आपल्या मनगटात बसलेला असतो आणि वस्तू अखंड डोळ्यांसमोर असते. पुडीला वेढे नाहीत.

मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती शिकवत असताना एका सहकाऱ्याने फिजीहून ही मुळी आणली होती. फिजीत तिला 'यांगोना' म्हणतात आणि तिथे स्थायिक झालेले आपले भारतीयही ती आवडीने पितात. आम्ही ती खलबत्त्यात कुटली, पाण्यात कुस्करली आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढली. पातेल्यात उतरलेले पाणी पावसाळ्यात कुंडीखालच्या बशीत साचते तसे दिसत होते आणि वासही साधारण त्याच वळणाचा होता. दोन घोट घेतल्यावर जिभेचे टोक, मग हिरड्या आणि मग घशाची कड अशी क्रमाने बधिर होत गेली. अक्कलकरा चघळल्यावर होते तशी, पण अधिक खोलवर. मोठ्या माणसाला याची मौज वाटते. चौदा महिन्यांच्या मुलीला घशाला काय होते आहे ते सांगताही येत नाही, आणि तिला लगेच दूध पाजून आडवे करायचे असते, हा विचार मनात आला तरी पुरे.

शरीराच्या आत काय होते तेही सांगते. कावालॅक्टोन मेंदूतल्या गाबा नावाच्या शांतवणाऱ्या यंत्रणेला जोर देतात आणि मज्जातंतूंमधून जाणारे संदेश मंदावतात. म्हणून स्नायू सैलावतात आणि काळजी थोडी दूर सरते. पण यकृतातली जी विकरे इतर औषधांचा निचरा करतात त्यांतल्या काहींचे कामही ही द्रव्ये अडवून धरतात. लहान मुलाला अधूनमधून तापाचे किंवा सर्दीचे सिरप चालूच असते. त्यांतही सर्दीच्या ज्या मिश्र सिरपांनी मुलांना गुंगी येते, त्यांतल्या एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापण्याचा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. त्यावर ही पूड पडली, तर दोन झोपेची औषधे एकमेकांत मिसळल्यासारखे होईल, आणि किती मिसळली हे कोणालाच सांगता येणार नाही.

मुंबईकराने तर या बाबतीत अधिकच सावध असायला हवे, कारण मूल गप्प करण्याचे औषध या शहराने फार जवळून पाहिले आहे. गिरणगावात पहाटेच्या भोंग्याला कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची 'बाळागोळी' देऊन निघत. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. त्या बायांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. मूल सांभाळायला कोणी नाही आणि दिवसभर साच्यावर उभे राहायचे, अशी ती कोंडी होती. अवा म्हणजे अफू नव्हे, तिने तशी आसक्ती जडत नाही आणि तसा श्वासही कोंडत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. तरी गोळीच्या गुंगीत असलेले बाळ भुकेसाठीही रडत नसे, हे विसरून चालणार नाही. जे मूल रडत नाही, त्याला काही होत नाही असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते, मग ती गुंगी कशाचीही असो.

आता गुटीविषयी. आपण दोन मुले त्याच सहाणेवर वाढवलीत, त्यामुळे हे आपल्याला आवडणार नाही, पण गुटीतले जायफळही झोपेसाठीच असते आणि त्याचे वेढे वाढले तर मूल ग्लानीत जाते. वेखंडातल्या एका द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला मनाई आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे चाटण तर अजिबात देऊ नये, कारण मधातल्या जंतुबीजांमुळे बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या 'काहीही'मध्ये गुटी येतेच. नातीचे वय पुढे गेले आहे, तरीही गुटी द्यायची की नाही हे तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि आता नातीच्या रडण्याकडे येते, कारण त्याचे उत्तर आपल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत आहे. होनोलुलू आणि मुंबई यांच्या घड्याळांत साडेपंधरा तासांचा फरक आहे. दादरला रात्री दहा वाजता आपण दिवा मालवता, तेव्हा होनोलुलूत त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रात्री दोनला ती उठते तेव्हा तिच्या शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेदहा झालेले असतात. ती खेळायला उठते, आपण तिला अंधारात थोपटत बसता आणि ती चिडून रडते. शरीरातले हे घड्याळ साधारण दिवसाला एखाद्या तासाने सरकते, म्हणून दहा दिवसांत ते पुरते जुळलेले नसणे अगदी स्वाभाविक आहे.

तिला सकाळी सात-साडेसातला उठवून थेट उन्हात न्या. शिवाजी पार्कला एक फेरी मारलीत तरी पुरे. दुपारची झोप दीड-दोन तासांवर गेली तर उठवा, मग ती थोडी कुरकुरली तरी चालेल. संध्याकाळनंतर घरातले दिवे मंद ठेवा, पडदा दाखवणारी सगळी यंत्रे बाजूला करा, आणि रात्री उठलीच तर दिवा न लावता, फार न बोलता जवळ घ्या. आठवडाभराने फरक दिसावा. ताप, उलट्या, सारखा कान ओढणे, दूध नाकारणे किंवा दिवसाही सुस्त पडून राहणे यांपैकी काही दिसले, तर आठवडाभर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्या. दोन-तीन आठवड्यांनीही झोप लागत नसेल तर तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा. अंगात लोह कमी असले की मुलांची झोप अस्वस्थ होते, आणि ही उणीव गोऱ्यागोमट्या, गुटगुटीत मुलांतही असते.

चिरंजिवांनी नुसते हसण्यापेक्षा रात्री दोनची एक पाळी स्वतः घ्यावी, असे माझे आगंतुक मत आहे.

प्रश्न : जर्मनीत कावाच्या गोळ्यांवर बंदी आली होती असे वाचले होते, आणि आता हवाई सरकारने तो सुरक्षित ठरवला असेही ऐकतो. दोन्ही कसे खरे असेल? मला स्वतःला झोप लागत नाही, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही खरे आहे, कारण दोन्हीकडे प्यालात पडणारी वस्तू एकच नव्हती. जर्मनीत १९९० मध्ये चिंता आणि अस्वस्थतेसाठी कावाला औषध म्हणून मान्यता होती आणि गोळ्यांचा खप मोठा होता. या गोळ्यांसाठी मुळीतली द्रव्ये मद्यार्कात किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घट्ट अर्क काढत. पुढे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, काहींना यकृताचे रोपण करावे लागले, आणि २००२ मध्ये जर्मनीने ही औषधे मागे घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहकांना इशारा दिला. २०१४ मध्ये जर्मन न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, तरी प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही.

कारणांविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. काही जण अर्क काढण्याच्या पद्धतीला दोष देतात. काही जण म्हणतात, की मागणी वाढल्यावर मुळीऐवजी खोडाची सालही कारखान्यांत जाऊ लागली, आणि त्या सालीत पायपरमेथिस्टिन नावाचे अल्कलॉइड असते, जे परंपरेने कोणी प्यायलेच नव्हते. काही रुग्ण इतर औषधेही घेत होते किंवा मद्य पीत होते. वानुआतूने २००२ च्या आपल्या कायद्यात 'नोबल' म्हणजे रोज पिण्यायोग्य जाती आणि 'टुडे' जाती वेगळ्या केल्या. हा टुडे म्हणजे 'आज' नव्हे. दोन दिवस डोके जड ठेवते म्हणून ते नाव पडले.

हवाईच्या आरोग्य विभागाने जानेवारी २०२४ मध्ये जे मान्य केले ते परंपरेने पाण्यात कुस्करून, गाळून केलेल्या पेयाविषयी आहे. गोळ्या, अर्क किंवा चवदार बाटल्या यांना ती मान्यता लागू होत नाही, आणि ती मुलांसाठीही नाही. ज्या समाजांत कावा रोज भरपूर पितात तिथेही त्वचा कोरडी पडून माशाच्या खवल्यांसारखी निघते. प्रमाण कमी केले की ती बरी होते.

आपल्याविषयी सांगायचे तर निवृत्तीच्या वयात रक्तदाब, साखर किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एखादी तरी गोळी बहुधा चालू असते, आणि कावा त्या गोळ्यांच्या निचऱ्यात अडथळा आणू शकतो. यकृताची तपासणी आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मागवू नका. झोपेसाठी आधी दुपारी चारनंतरचा चहा बंद करून पाहा. हे उत्तर फारच घरगुती वाटेल, पण मुलुंडहून येणाऱ्या पत्रांत संध्याकाळच्या तीन कपांचा उल्लेख मी इतक्यांदा वाचला आहे, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : कावाच्या पानाचा फोटो पाहिला तर अगदी विड्याचे पान वाटले. हा आपल्याच नागवेलीचा प्रकार आहे का? बाल्कनीत लावता येईल का?
— एक गृहिणी, विलेपार्ले

उत्तर : आपली नजर चांगली आहे. नागवेल, काळी मिरी, पिंपळी आणि कावा ही चारही एकाच 'पायपर' वंशातली भावंडे आहेत. कावाला 'मेथिस्टिकम' म्हणजे मादक हे शास्त्रीय नाव कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या गेऑर्ग फोर्स्टरने दिले. फरक असा, की नागवेल आधाराला धरून चढते, तर कावा हे गाठीगाठींच्या काड्यांचे, माणसाच्या उंचीचे झुडूप असते. नागवेलीचे आपण पान खातो, तर कावाचे पान बाजूला पडते आणि उपयोग मुळीचा होतो. वसईची पानवेल ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची आवड कळेल : सावली, ओलावा, पण मुळाशी पाणी साचलेले नको.

बाल्कनीतल्या कुंडीत ते कदाचित तग धरेल, पण मुळी भरायला निदान तीन वर्षे लागतात आणि एप्रिल-मेच्या झळा त्याला मानवणार नाहीत. शिवाय बी नसल्याने जिवंत कांडीच आणावी लागते, आणि परदेशातून जिवंत रोप किंवा कांडी आणायची तर आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात. कोणी सामानात लपवून आणून देतो म्हणाले तर नको म्हणा. एका कांडीबरोबर आलेला रोग वसईच्या पानमळ्यांत आणि कोकणातल्या मिरीवर उतरायला वेळ लागत नाही. कुंडी रिकामीच असेल तर नागवेलीची एक कांडी लावा, पावसाच्या तोंडावर ती हमखास धरते.